जाड भिंतीवरचा विश्वास

घर बांधायला काढलेल्या माणसाला गवंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येक जण एकच सल्ला देतो : हात आखडता घेऊ नका. भिंत नऊ इंचीच घ्या, कॉलम जरा थोराड असू द्या, बाराच्या जागी सोळाची सळई टाका, सिमेंटची चार पोती जास्त गेली तरी हरकत नाही, घर काही पुन्हा पुन्हा होत नाही. सल्ला आपुलकीने दिलेला असतो आणि त्यामागे जुनी समजूत असते की माल जितका जास्त तितके बांधकाम दणकट. ही समजूत निखालस खोटी असती तर इतकी टिकली नसती. ती अर्धी खरी आहे, आणि गोम तिथेच आहे. बांधकामाची ताकद, भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचतो यावर ठरते. त्या वाटेवर घातलेला माल कामाला येतो. वाटेबाहेरचा माल फार तर फुकट जातो, आणि बरेचदा तोच नवा भार होऊन बसतो.

कोणत्याही बांधकामात आतून चालणारे व्यवहार मोजकेच असतात. एखादा भाग दाबला जातो, एखादा ताणला जातो. वाकणे ही काही तिसरी स्वतंत्र गोष्ट नाही. दोन टोकांवर टेकलेली तुळई मध्ये भार पडून वाकते तेव्हा तिची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते, म्हणजे एकाच तुळईत दाब आणि ताण शेजारी नांदतात. दगड, वीट आणि काँक्रीट दाबाला पक्के, ताणाला लेचेपेचे. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश धरतात. पोलाद दोन्ही सोसते, पण लांब आणि सडपातळ असेल तर दाबाखाली चिरडण्याआधीच बाजूला बाकते. एवढी सामग्री हाताशी असली की बहुतेक पडझडींचा उलगडा होतो.

माल वाढवून घात झाल्याचे एक जुने उदाहरण गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात दिले आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. तो स्वतःच्या वजनाने मध्येच मोडू नये म्हणून एका कारागिराने मधोमध तिसरा आधार देण्याची सूचना केली. सगळ्यांना ती पटली. काही महिन्यांनी खांब मोडलेला सापडला, तोही नेमका त्या नव्या आधाराच्या वर. झाले असे की टोकाचा एक ओंडका कुजून खचला आणि मधला मात्र घट्ट राहिला. अर्धा खांब अधांतरी लोंबकळू लागला. दोनच आधार असते तर एक खचल्यावर खांब त्याच्याबरोबर थोडा कलला असता, इतकेच. तिसऱ्या आधाराने बळांची वाटच बदलली : जिथे दाब होता त्या वरच्या कडेला ताण आला, आणि दगडाला ताण सोसत नाही. आधार वाढला हे सगळ्यांना दिसले. वाट बदलली हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

माल तोच ठेवून त्याची जागा बदलली तर काय होते, हे एका फळीवर तपासता येते. दहा सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळी आडवी ठेवून तिच्यावर भार द्या, मग तीच फळी उभ्या कडेवर ठेवून द्या. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच. पण उभी फळी मोडायला चौपट भार लागतो, आणि सारख्या भाराखाली ती आडव्या फळीच्या एक सोळांश वाकते. कारण उघड आहे. वाकताना दाब वरच्या कडेला आणि ताण खालच्या कडेला एकवटतो. या दोन कडा एकमेकींपासून जितक्या लांब तितका त्यांचा प्रतिकार मोठा. मधला भाग जवळजवळ रिकामटेकडा असतो, दोन्ही कडांना धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. म्हणून लोखंडी गर्डर इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो, आगगाडीचा रूळही मध्ये बारीक आणि वर-खाली जाड असतो. बांबू पोकळ असून टणक असतो त्याचेही मर्म हेच, आणि पोकळ नळीचा हा गुण खुद्द गॅलिलिओनेही त्याच ग्रंथात नोंदवला होता. त्या पोकळीत काँक्रीट ओतून बांबू ‘भरीव’ केला तर तो आधी जड होईल, मजबूत कितपत होईल हा पुढचा प्रश्न.

आपल्या रोजच्या पाहण्यातल्या स्लॅबकडे आता वळू, कारण मालावरच्या विश्वासाची खरी परीक्षा तिथे होते. काँक्रीट ताणाला कच्चे म्हणून ताण येईल तिथे सळई घालायची, हे आरसीसीचे सगळे तत्त्वज्ञान. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये ताण मध्यभागी खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत किंवा छज्ज्यात उलटे होते. तिचे मोकळे टोक खाली झुकू पाहते आणि भिंतीलगत वरच्या अंगाला ताण येतो, म्हणून सळई वर. स्लॅब ओतायच्या दिवशी मात्र सेंट्रिंगवर माणसांची ये-जा चालू असते, घमेली फिरत असतात, आणि गॅलरीतल्या वरच्या सळया पायाखाली दबत जातात. खाली लोखंडी चेअर दिलेल्या नसतील तर त्या तीस-एक मिलिमीटर सहज बसतात. समजा, भिंतीलगत खालच्या कडेपासून त्या शंभर मिलिमीटरवर हव्या होत्या आणि सत्तरवर आल्या. सळई तितकीच, सिमेंट तितकेच, बिलही तितकेच. गॅलरीची ताकद मात्र साधारण तीस टक्क्यांनी घटली. त्या सळया पूर्णच खाली बसल्या तर त्यांचे असणे-नसणे जवळपास सारखेच. बाराच्या जागी सोळाची टाकली असती तरी खाली बसलेल्या सळईचा काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, जागा बरोबर ठेवा आणि शिवाय माल जास्त घाला, मग तर झाले? इथेही पाय घसरतो. बीममध्ये ताणाच्या बाजूला बेताची सळई असेल तर भार मर्यादेबाहेर गेल्यावर आधी सळई ताणून लांबते. काँक्रीटला भेगा पडतात, बीम दिसेल इतका झुकतो, माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. सळई वाजवीपेक्षा फार झाली तर ती लांबायच्या आधीच वरच्या बाजूचे काँक्रीट चिरडते, आणि काँक्रीट चिरडताना पूर्वसूचना देत नाही. म्हणून आरसीसीसाठीचे भारतीय मानक ४५६ किमान सळईबरोबर कमाल सळईही ठरवून देते : बीमच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त ताणाची सळई नको. भूकंपाचा विचार केला तर ही अट आणखी अर्थपूर्ण होते. हादऱ्यात काहीतरी मोडणारच असेल तर आधी बीम मोडावा, कॉलम उभा राहावा, कारण कॉलम गेला की मजला बसतो. नकाशात हा क्रम हिशेबाने साधलेला असतो. ठेकेदाराने मोठ्या मनाने फक्त बीममध्ये सळया वाढवल्या तर बीम कॉलमपेक्षा बळकट होतो आणि मोडण्याचा मान कॉलमकडे जातो. उलट एक पैचाही माल न वाढवता कॉलमची ताकद वाढवण्याची एक जागा आहे : उभ्या सळयांभोवती गुंडाळलेल्या रिंगांची टोके. ती नुसती काटकोनात वळवली तर वरचे काँक्रीट निखळताच रिंग उघडते. १३५ अंशांत आत वळवली तर ती कॉलमच्या गाभ्याला धरून राहते. आत वळवायला हाताला थोडा जास्त जोर लागतो, म्हणून साइटवर काटकोनी टोकेच जास्त दिसतात.

स्वतःचे वजन हा भार मोजायचा राहून जातो, याचा सगळ्यात कडू धडा कॅनडातल्या क्वेबेक पुलाने दिला. सेंट लॉरेन्स नदीवरच्या या पोलादी पुलाचा मधला गाळा आधी १६०० फुटांचा योजला होता, तो पुढे १८०० फूट करण्यात आला. गाळा वाढला की पोलाद वाढते, पोलाद वाढले की त्याचे वजन पेलायला आणखी पोलाद लागते. पण गणितात पुलाचे स्वतःचे वजन जुन्या अंदाजानेच चालत आले. १९०७च्या ऑगस्टमध्ये खालच्या दाबाच्या दांड्यांपैकी एकीला दोन इंचांच्या आसपास बाक आल्याचे साइटवरच्या माणसांना दिसले. काम थांबवावे की नाही यावर पत्रे आणि तारा चालू असतानाच २९ ऑगस्टला दक्षिणेकडचा बांधून झालेला भाग नदीत कोसळला आणि ७५ कामगार मेले. त्या दांड्या बारीक मुळीच नव्हत्या. चार-चार पोलादी पाती शेजारी उभी करून त्या बांधल्या होत्या, पण पात्यांना एकत्र धरणारी जोडपट्ट्यांची जाळी तोकडी पडली आणि पाती एकेकटी बाकली. पुन्हा बांधलेला पूल पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे, तो १९१७ साली सुरू झाला आणि आजही उभा आहे. मग शेवटी जास्त मालच जिंकला ना, असे त्यावर म्हणता येईल. पण या वेळी ते वजन आधी मोजले होते, आणि पात्यांना बांधणारी जोडणीही त्या हिशेबाने केली होती.

आता मराठवाड्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेला भूकंप तीव्रतेने जगाच्या मोजमापात मध्यमच, ६.२ ते ६.४ इतका. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गावे झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. ज्या घरांनी माणसे मारली ती गावच्या डोळ्यांनी पाहिले तर सगळ्यात भक्कम होती : दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर, म्हणजे माळवद. भिंतीची रचना मात्र आतून वेगळी होती. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर, मध्ये मातीचा चिखल आणि कपच्यांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार सांधणारा लांब दगड जवळजवळ कुठेच नाही. म्हणजे ती एक जाड भिंत नव्हतीच. शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती होत्या. उभा भार त्यांनी वर्षानुवर्षे पेलला, कारण त्याची वाट सरळ खाली जाते. जमीन आडवी हलली तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि दगडांचे ढीग झाले. जाडी वाढवल्याने हा दोष कमी झाला नसता. मधला चिखल तेवढा वाढला असता.

माळवदाचे गणित तर हाताच्या बोटांवर करता येते. माळवद पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो, जुना कोणी काढत नाही. थर फूटभर जाड झाला की दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन. चार मीटर बाय पाच मीटरच्या खोलीवर दहा टन, दोन फूट झाला तर वीस. भूकंप घरावर बाहेरून काही फेकत नाही. तो पाया हलवतो, आणि वरचे वस्तुमान जागचे हलायला जितका विरोध करते तितके आडवे बळ भिंतींना सोसावे लागते. वस्तुमान दुप्पट झाले की बळ दुप्पट. गळती थांबवायला चढवलेला प्रत्येक थर घराला भूकंपासमोर अधिक दुबळा करत होता, आणि वरून घर अधिकच भरभक्कम दिसत होते.

इथे विजापूरच्या गोल घुमटाची आठवण कोणीही करून देईल. सतराव्या शतकाच्या मध्यात बांधलेला, आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंतींवर उभा आहे. जाडीनेच तो टिकला नाही का? काही अंशी हो, आणि हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. घुमट आपल्या बुडाला बाहेर फाकू पाहतो. ती फाक अडवायला तिथे वजनच वापरले आहे. पण ते कसे वापरले आहे ते पाहा. चौकोनी दालनाच्या वर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनाचा घेर आत आत आणला आहे, त्यामुळे आत झुकलेल्या त्या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर जाणाऱ्या रेट्याला उलटे ओढते. तिथला जड दगड रेट्याच्या वाटेवर बसवलेला आहे. दगड-चुन्याच्या बांधकामात वजनाचा आणखी एक उपयोग असतो : वरचा भार सांधे दाबून ठेवतो, त्यामुळे ताण यायला जागाच उरत नाही. जुन्या गवंड्यांना हे सूत्ररूपाने माहीत नसेल, पण कितीतरी चुकलेल्या इमारती पाडून आणि पडू देऊन ते त्यांनी कमावले होते. पडलेल्या इमारती आपण पाहायला जात नाही, उभ्या राहिलेल्या पाहतो, आणि मग जुने ते सगळे भक्कम असे वाटू लागते.

धरण हा याहून बळकट आक्षेप. कोयनेसारखे गुरुत्व धरण तर नुसत्या वजनानेच पाणी अडवते. शंभर मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५,००० टनांनी आडवे ढकलते, आणि भिंतीचे वजन त्याला पुरून उरावे लागते. इथे माल हाच प्रतिकार, हे कबूल. तरीही पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो म्हणून भिंत बुडाला रुंद आणि माथ्याला अरुंद ठेवतात. वजनालाही आकार द्यावाच लागतो. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात सुमारे १०३ मीटर उंचीचे हे धरण टिकले, पण त्याला भेगा पडल्या त्या जिथे पाठीकडचा उतार एकदम बदलतो त्या पट्ट्यात. बुडाशी बळ सर्वांत मोठे, पण तिथे भिंतही तितकीच रुंद. आकार जिथे अचानक बदलला तिथे बळाला वळण घ्यावे लागले आणि काँक्रीट ताणले गेले. पुढे धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी दिली गेली. तो माल मात्र नेमका लागणाऱ्या जागी पडला.

राहिला सगळ्यात व्यवहारी आक्षेप : आपल्याकडे घरे पडतात ती माल जास्त घातल्याने नव्हे, चोरल्याने, तेव्हा लोकांनी चार सळया जास्तच मागितल्या तर चुकले काय? चोरी होते हे खरेच आहे. पण त्यासाठीची सोय हिशेबात आधीपासून असते. मानक ४५६ प्रमाणे नेहमीचा भार दीडपट धरतात, काँक्रीटची ताकद दीडने भागून आणि पोलादाची १.१५ने भागून वापरतात. ही राखीव ताकद साऱ्या इमारतीत विचार करून वाटलेली असते. साइटवर सुचेल तिथे वाढवलेला माल ही वाटणी विस्कटतो. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या इमारती बसल्या, त्यांत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या बऱ्याच होत्या. वरचे मजले विटांच्या भिंतींनी भरलेले, कडक. खाली नुसते कॉलम. सगळे हेलकावे त्या एका मजल्यात साठले. वर आणखी भिंती बांधल्या असत्या तर खालच्या कॉलमांचे हाल वाढलेच असते. पुढच्या वर्षी भूकंपासाठीचे भारतीय मानक क्रमांक १८९३ सुधारले तेव्हा अशा मोकळ्या मजल्याचे बीम-कॉलम नेहमीच्या अडीच पट बळासाठी योजण्याची तरतूद आली. तीही माल वाढवण्याचीच तरतूद होती, फक्त एका मजल्यापुरती.

किल्लारीनंतर न पडलेली हजारो घरे त्याच गावांमध्ये होती, आणि ती बळकट करण्याचे काम सरकारी पुनर्वसनात हाती घेतले गेले. त्यातल्या उपायांत नव्या मालाचा वाटा अगदी थोडा. भिंतीत आरपार भोक पाडायचे, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई त्यात घालायची आणि भोक काँक्रीटने भरायचे, म्हणजे दोन सुट्या थरांची एक भिंत होते. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू ठोकायचे. छपराखाली चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा द्यायचा. आणि माळवदावरची माती उतरवायची. या शेवटच्या उपायाला विरोध करायला सबळ कारण आहे : माळवद उन्हाळ्यात गार राहते, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. पण गारव्यासाठी दोन फूट माती लागत नाही, त्यापेक्षा बऱ्याच पातळ थरानेही ऊन अडते, आणि गळती थांबवायला मातीखाली प्लास्टिकचा कागद पुरतो. वीस चौरस मीटरच्या खोलीवरून एक इंच माती खाली आली की पाऊण टनापेक्षा जास्त भार कमी होतो, त्याला लागते ते फावडे आणि दोन माणसांची मजुरी.